बाई, पुसू का?

बालमित्रांनो, 'मेमरी फुल झाली' हे वाक्य हल्ली तुमच्या घरात आठवड्यातून एकदा तरी ऐकू येत असेल. कधी बाबांचा फोन, कधी ताईचा फोन, नाहीतर शाळेतला संगणक. मग कुणीतरी मांडी ठोकून बसतं आणि भराभर पुसायला लागतं. हा फोटो नको, तो व्हिडिओ नको, हे काय आहे कोण जाणे, तेही जाऊ दे! पाच मिनिटांत जागा मोकळी होते आणि सगळे खूश होतात. आज मी तुम्हांला अशाच एका मेमरीची हकिकत सांगणार आहे. ती फोनची नाही, कॅलक्युलेटरची आहे. तिच्यात फोटो नव्हते, नुसते आकडे होते.

मी जुन्नर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. माझं माहेरही इथलंच, नारायणगावच्या जवळ. माझी मोठी बहीण अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात राहते. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, तिकडच्या शाळेला उन्हाळी सुट्टी लागली की जुलैत आजोळी येते. आपल्याकडे तेव्हा धो धो पाऊस आणि तिची मात्र उन्हाळी सुट्टी! २०२३ साली ती आली तेव्हा तिच्या दप्तरात एक जाडजूड कॅलक्युलेटर होता. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीचा, टीआय-८४ प्लस नावाचा. तिच्या चुलतभावाने वापरून झाल्यावर तिला दिलेला. किराणा दुकानातल्या कॅलक्युलेटरवर एकच ओळ दिसते. याचा पडदा चांगला आठ ओळींचा. समीकरण भरलं की पडद्यावर त्याचा आलेख उमटतो, म्हणून त्याला ग्राफिंग कॅलक्युलेटर म्हणतात. आणि त्यात मॅट्रिक्सही साठवता येतात.

आता मॅट्रिक्स म्हणजे काय? हा धडा तुम्हांला अकरावी-बारावीत भेटेल. पण घाबरू नका, एक मॅट्रिक्स तुमच्या वर्गात बाईंच्या टेबलावर रोज पडलेली असते. आपला हजेरीपट हो! आडव्या ओळीत एका मुलाची हजेरी, उभ्या रकान्यात एका दिवसाची हजेरी. आता मुलांची नावं आणि वरच्या तारखा कागदाने झाका. हजर असेल तिथे १ आणि गैरहजर असेल तिथे ० लिहा. उरला तो आकड्यांचा चौकोन म्हणजे मॅट्रिक्स. 'नावं झाका' असं मी म्हटलं, ते लक्षात ठेवा बरं का. पुढे त्याचंच काम पडणार आहे.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, टोमॅटो पिकवायचे. नारायणगावचा टोमॅटो बाजार दूरदूरच्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. तिथे माल क्रेटवर विकला जातो, एका क्रेटमध्ये साधारण वीस किलो. झाडावरचा माल एकदम पिकत नाही, म्हणून काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा काढावा लागतो. अशा एका काढणीला तोडा म्हणतात. दादा प्रत्येक तोड्याचा हिशेब लाल पुठ्ठ्याच्या वहीत लिहायचे. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंतच, पण रेघा मात्र अशा सरळ मारायचे की माझ्या वर्गातल्या मुलांनी बघाव्यात!

भाचीने एके संध्याकाळी त्यांच्याकडून एक जुनी वही मागून घेतली आणि एका हंगामाचा हिशेब कॅलक्युलेटरमध्ये भरला. चार तोडे आणि जमिनीचे तीन तुकडे. म्हणजे चार ओळी, तीन रकाने. तो हिशेब असा होता:

१८   १२   ९
२२   १५   ११
२४   ०   १४
१६   १३   १०

हे झाले क्रेट. दुसऱ्या मॅट्रिक्समध्ये तिने त्या चार तोड्यांना मिळालेला क्रेटचा भाव एका ओळीत भरला: १२०, १५०, १४०, ९०. पहिलीला या यंत्रात 'ए' नाव, दुसरीला 'बी'. अशा दहा मॅट्रिक्सना पुरतील अशी 'ए' ते 'जे' नावं यंत्रातच ठरलेली असतात. मग तिने 'ए गुणिले बी' केलं. यंत्र अडलं! 'डिम मिसमॅच' असा संदेश आला, म्हणजे मापं जुळत नाहीत. मॅट्रिक्सच्या गुणाकारात पहिलीचे रकाने आणि दुसरीच्या ओळी सारख्या असाव्या लागतात. तिने उलटं, म्हणजे 'बी गुणिले ए' केलं. लगेच तीन आकडे आले: १०२६०, ४८६०, ५५९०. तीन तुकड्यांची तीन उत्पन्नं. बेरीज २०७१०.

दादांनी वहीचं पान उलटलं. शेवटी त्यांच्या हातची बेरीज होती, वीस हजार सातशे दहा. ते हसून म्हणाले, "चला, तुझं यंत्र खरं बोलतंय."

भाचीने विचारलं, "आजोबा, इथे झीरो का आहे?"

"त्या दिवशी त्या रानात आपला माल नव्हता," दादा म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

त्याच वर्षी थंडीत दादा गेले. पुढच्या पावसाळ्यात फडताळातल्या वह्या काढल्या तर खालच्या चार वह्यांना वाळवी लागलेली. पुठ्ठा तेवढा शाबूत, आत भुसा. भाचीने आकडे भरून घेतले होते ती वही त्यांतच होती.

२०२४ च्या जुलैत भाची पुन्हा आली. या खेपेला तिला खोडदच्या तबकड्या बघायच्या होत्या. आमच्या भागातल्या मुलांना त्या नवीन नाहीत, पण दूरच्या वाचकांसाठी सांगते. नारायणगावजवळ खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, थोडक्यात जीएमआरटी, नावाची प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या केंद्राने ती उभारली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, इंग्रजी वाय अक्षरासारख्या मांडलेल्या. चौदा मध्यभागी जवळजवळ आणि बाकीच्या सोळा तीन दिशांना शेतांमधून दूरवर पसरलेल्या. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी या तबकड्या पकडतात. मग प्रत्येक तबकडीची नोंद दुसऱ्या प्रत्येक तबकडीच्या नोंदीशी ताडून पाहतात. अशा जोड्या किती होतील? तुमच्या वर्गात ३० मुलं असतील आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा हात मिळवला तर किती वेळा हात मिळवले जातील, तेवढ्या! ३० गुणिले २९, भागिले २. उत्तर ४३५.

घरी आल्यावर भाचीच्या डोक्यात आलं, आपणही तीस बाय तीसची मॅट्रिक्स करायची आणि त्यात सगळ्या जोड्या मांडायच्या. तिने माप भरलं आणि पडद्यावर संदेश आला, 'एरर, मेमरी'. जागा संपली!

"काही नाही मावशी, रीसेट करते. ऑल रॅम. एका मिनिटाचं काम," ती म्हणाली आणि तिचं बोट निघालंसुद्धा.

मी म्हटलं, "थांब गं. आधी आत काय काय आहे त्याची यादी तर दाखव."

या कॅलक्युलेटरला अशी यादी दाखवता येते. 'सेकंड' आणि अधिकचं बटण दाबलं की मेमरीचं पान उघडतं. त्यात दुसऱ्या क्रमांकावर व्यवस्थापन आणि पुसणं. तिथे मॅट्रिक्स निवडल्या की प्रत्येकीचं नाव आणि तिने किती बाइट जागा अडवली आहे तो आकडा समोर येतो. बाइट हे मेमरी मोजायचं माप. या यंत्रात आपल्या वापरासाठी सुमारे २४ हजार बाइटची रॅम आहे, आणि मॅट्रिक्समधला प्रत्येक साधा आकडा ९ बाइट घेतो. शून्य असो की नऊ कोटी असो, नऊच बाइट!

आता हिशेब तुम्हीच करा. भाचीला हवी होती ३० बाय ३० ची मॅट्रिक्स. ९०० आकडे, म्हणजे ८,१०० बाइट. यादीत 'जे' नावाची एक मॅट्रिक्स होती, ४० बाय ४० ची. १,६०० आकडे, म्हणजे १४,४०० बाइट! ती कसली? तर शाळेत गंमत म्हणून यंत्राकडूनच कसेही आकडे भरवून घेतलेली. कामाची अजिबात नाही. शिवाय दोन-तीन खेळ भरलेले होते. आणि दादांच्या हिशेबाच्या दोन मॅट्रिक्स? बारा आकडे आणि चार आकडे, सोळा नव्वे एकशे चव्वेचाळीस. वर नावनिशाणीची थोडी जागा धरली तरी सगळं मिळून दोनशे बाइटच्या आत.

म्हणजे दादांचा हिशेब पुसून काही जागा होणार नव्हती. अडवणूक केली होती ती 'जे'ने. भाचीने बाण 'जे'समोर नेला आणि 'डेल'चं बटण दाबलं. क्षणात ती ओळ गेली. यंत्राने 'नक्की ना?' असं विचारलंही नाही. मला जरा नवल वाटलं. भाचीने सांगितलं, प्रोग्रॅम पुसताना हे यंत्र विचारतं, मॅट्रिक्स पुसताना मात्र विचारत नाही. आपल्याकडे अभियांत्रिकीला जाणाऱ्या दादा-ताईंकडे कॅसिओचे वैज्ञानिक कॅलक्युलेटर असतात. त्यांतल्या काहींवर शिफ्ट आणि ९ दाबलं, तर काय साफ करू ते आधी विचारतं आणि मग पुन्हा होकार मागतं. सगळी यंत्रं एकाच स्वभावाची नसतात.

इथे आणखी एक गोष्ट सांगून ठेवते. 'क्लिअर' लिहिलेलं बटण दाबलं की मेमरी साफ होते असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. त्याने फक्त पडद्यावरचं पुसलं जातं. फळा पुसला म्हणून कपाटातला हजेरीपट कोरा होत नाही, तसंच. यंत्र बंद केल्यानेही मॅट्रिक्स जात नाहीत. रॅमला लक्षात ठेवण्यासाठी सतत थोडी वीज लागते, ती बॅटऱ्या पुरवत राहतात. या यंत्रात चार बारक्या बॅटऱ्यांशिवाय एक चपटा सेल वेगळा असतो. बॅटऱ्या बदलताना मधल्या वेळात सगळं विसरायला होऊ नये म्हणून तो राखणदार!

'जे' गेली आणि तीस बाय तीसची जागा झाली. पण प्रश्न संपला नव्हता. भाची म्हणाली, "मावशी, पुढच्या जूनमध्ये माझी रीजंट्स एक्झाम आहे. तेव्हा हॉलमध्ये सगळंच क्लिअर करावं लागेल."

न्यूयॉर्क राज्यात शाळांच्या ज्या रीजंट्स परीक्षा होतात, त्यांत गणिताला ग्राफिंग कॅलक्युलेटर चालतो. पण आत जाताना त्याची मेमरी रिकामी करावी लागते किंवा बंद ठेवावी लागते. नियम योग्यच आहे. कुणी सूत्रं साठवून आणली आणि कुणी नाही, असं झालं तर परीक्षा कसली? आपल्या महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या विज्ञानाच्या पेपरांत तर कॅलक्युलेटरच चालत नाही, लॉगटेबल चालतं. लॉगटेबलात सगळ्यांसाठी तेच आकडे छापलेले असतात, त्यामुळे कुणाला काही पुसावं लागत नाही.

त्या यंत्रात 'अर्काइव्ह' म्हणून एक आतलं फडताळही आहे. तिथे ठेवलेलं रॅम पुसली तरी राहतं. पण परीक्षेपूर्वी तेही रिकामं करून दाखवावं लागतं असं भाची म्हणाली. आणि समजा नाही केलं, तरी यंत्र किती वर्षं टिकणार? एकदा हातातून पडलं की झालं!

तेव्हा आम्ही जुनाच मार्ग धरला. मी दुकानातून शंभर पानी वही आणली. भाचीने 'ए' उघडली आणि आकडे उतरवायला घेतले. पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी ओळ. दोन मिनिटांत काम झालं. मग मी तिला विचारलं, "यातला पहिला रकाना कुठल्या रानाचा?"

ती गप्प. मलाही सांगता येईना. यंत्राने बारा आकडे अगदी बिनचूक सांभाळले होते, पण नावं साठवायला तिथे जागाच नव्हती. कुठलं रान, कुठला तोडा, कुठलं वर्ष, हे सगळं वाळवीने खाल्लेल्या वहीत होतं आणि दादांच्या डोक्यात होतं. समोर होता तो नावं झाकलेला हजेरीपट.

आई दारात तांदूळ निवडत बसली होती. तिचं शिक्षण चौथीपर्यंत. भाचीने तिला आकडे वाचून दाखवले. "अठरा, बारा, नऊ. बावीस, पंधरा, अकरा. चोवीस, शून्य, चौदा..."

"थांब," आई म्हणाली. "चोवीस, भोपळा, चौदा? हा तर तिसरा तोडा. पहिलं विहिरीजवळचं रान, मधलं ओढ्याकाठचं, शेवटचं वरचं. त्या साली मधल्या रानात लई चांगला माल आला व्हता."

"मग झीरो कसा, आजी?"

आईने सूप बाजूला ठेवलं. "शेजारच्यांचा समदा माल गारपिटीनं गेला व्हता. त्यात घरातलं माणूस दवाखान्यात. हातात पैसा न्हाई, आन् मागायला तोंड न्हाई. तुझ्या आजोबांनी ओढ्याकाठचा त्या दिवसाचा सगळा तोडा त्यांच्या नावावर मार्केटला धाडला. पट्टी त्यांच्या नावाची निघाली. मग वहीत आपल्या नावावर काय लिवणार? भोपळाच की! कुणाला सांगू नको म्हणाले व्हते. आता त्यांचं पोरगं कर्तं झालंय, बोलले म्हणून बिघडत न्हाई."

मी त्या घरात वाढले, पण मला हे ठाऊक नव्हतं. 'आपला माल नव्हता' असं दादा म्हणाले होते, ते अक्षरशः खरं होतं. माल होता, आपला नव्हता.

भाची बराच वेळ त्या शून्याकडे बघत होती. मग म्हणाली, "मावशी, नवीन मॅट्रिक्स केली ना, की सगळीकडे आधी झीरोच असतात. आपण भरेपर्यंत." खरंच की! म्हणजे यंत्रातल्या शून्याचा अर्थ 'अजून भरलं नाही' असा होऊ शकतो, 'पीक आलं नाही' असा होऊ शकतो, आणि 'शेजाऱ्याला दिलं' असाही. नऊ बाइटमध्ये तिन्ही सारखेच दिसतात.

मग वहीचं पान नव्याने लिहिलं. वर 'टोमॅटो, क्रेट' असं शीर्षक. डावीकडे तोड्यांचे क्रमांक, वरती तिन्ही रानांची नावं. भाचीचं मराठी अक्षर डगमगतं आहे, पण तिनेच लिहिलं. शून्याला एक फुली करून खाली लिहिलं, 'या दिवशी मधल्या रानाचा माल आजोबांनी शेजाऱ्यांना दिला.' शेजाऱ्यांचं नाव आईने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

त्याच सुट्टीत पाऊस उघडलेला बघून आम्ही नाणेघाटात गेलो. जुन्नरहून कोकणात उतरणारी ही जुनी व्यापारी वाट. घाटाच्या तोंडाशी खडकात कोरलेलं एक दालन आहे आणि त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला मोठा लेख आहे. सातवाहन राणी नागनिकेचा हा लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात कोणते यज्ञ केले आणि त्या वेळी काय काय दान दिलं ते कोरलं आहे. इतक्या गायी, इतके घोडे, इतकी कार्षापण नाणी. आपल्या देशातल्या फार जुन्या कोरीव आकड्यांत या आकड्यांची गणना होते. तेव्हा शून्याचं चिन्ह वापरात नव्हतं, म्हणून दहा, शंभर, हजार यांच्यासाठी वेगवेगळ्या खुणा आहेत.

भाचीला मी म्हटलं, "बघ, हाही एक तक्ताच. पण यांनी नुसते आकडे कोरून ठेवले असते, तर आज आपल्याला काय कळलं असतं?" आकड्याशेजारी गायी की घोडे ते लिहिलं, कुठल्या यज्ञात ते लिहिलं, म्हणून दोन हजार वर्षांनीही तो हिशेब वाचता येतो. वाऱ्यापावसाने या लेखाचे काही भाग झिजले, तुटले. तिथे विद्वानांनाही हात टेकावे लागतात. दगडही हळूहळू विसरतोच, पण नावं लिहिली असतील तर उरलेल्या भागावरून पुष्कळ जुळवता येतं. खोडदच्या दुर्बिणीच्या नोंदींतही आकड्यांबरोबर वेळ, आकाशातली दिशा आणि तबकड्यांची जोडी लिहिलेली असते. आणि मोबाइल टॉवर किंवा विजेच्या तारांमुळे बिघडलेल्या नोंदी शास्त्रज्ञ निवडून बाजूलाही काढतात. पुसणं तिथेही चालतं, पण बघून.

मुलांनो, नाव आणि आतला मजकूर यांची ताटातूट कशी होते, याचं एक उदाहरण आमच्या शेजारीच आहे. आंबेगाव तालुका तुम्ही नकाशात पाहिला असेल. ज्या आंबेगाव गावावरून तालुक्याला नाव मिळालं, ते मूळ गाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याची कचेरी घोडेगावला आहे. जलाशयाला याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळच्या हुतात्मा बाबू गेनूंचं नाव दिलं आहे. शाळेच्या प्रत्येक कागदावर 'तालुका आंबेगाव' असं लिहिलं जातं, पण त्या गावात कुठे पार होता, कुठे विहीर होती, हे म्हाताऱ्या माणसांनाच विचारावं लागतं. भाचीच्या कॅलक्युलेटरमध्येही 'जे' पुसल्यावर 'जे' हे नाव यादीत तसंच राहिलं होतं. त्याच्यासमोरचं ४० बाय ४० तेवढं नाहीसं झालं होतं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, मग काही पुसायचंच नाही का? पुसायचं तर! माझ्या वर्गात दिवसातून चार वेळा फळा पुसला जातो. न पुसता पुढचं उदाहरण मांडायचं कुठे? पण फळा पुसायची पाळी ज्याच्यावर असते, तो डस्टर हातात घेऊन आधी वळून विचारतो, "बाई, पुसू का?" मागच्या बाकावरून लगेच आरोळी येते, "थांब, माझं एक गणित राहिलंय!" मग तो थांबतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. बाकीच्यांचं लिहून व्हायचं आहे, हे त्याला दिसत असतं. कॅलक्युलेटरला ते दिसत नाही. त्यामुळे विचारायचं काम आपल्याकडे येतं.

पालकांनाही एक विनंती. मुलं फोन किंवा संगणक साफ करायला बसली की 'टाक सगळं पुसून' असं म्हणू नका. आधी यादी उघडायला सांगा. कशाने किती जागा अडवली आहे ते बघू द्या. बहुतेक वेळा जागा एखाद्या मोठ्या, बिनकामाच्या 'जे'ने खाल्लेली असते, आणि सगळ्यांत मोलाची वस्तू दोनशे बाइटचीसुद्धा नसते. जे ठेवायचं ते कागदावर उतरवताना शीर्षक, तारीख आणि माणसांची नावं लिहायला लावा.

२०२५ च्या जूनमध्ये भाचीचा फोन आला. परीक्षेच्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने सगळी रॅम पुसली, आणि पडद्यावर 'रॅम क्लिअर्ड' अशी अक्षरं आली. "वाईट वाटलं का गं?" मी विचारलं. ती म्हणाली, "नाही मावशी. वही आजीकडे आहे ना!"

आता तुमच्यासाठी घरचा अभ्यास. घरातली हिशेबाची एखादी जुनी वही शोधा. दुधाची असेल, किराण्याची असेल, शेतीची असेल. तिचं एक पान घेऊन त्यातल्या आकड्यांचा तक्ता करा. नावं आणि तारखा विसरू नका. मग त्यात कुठे शून्य किंवा रिकामी जागा दिसते ते पाहा, आणि ते का आहे हे आजी-आजोबांना विचारा. ते सांगतील ते तक्त्याखाली लिहून ठेवा. लिहून झाल्याशिवाय मात्र कुणाला पुसू देऊ नका!